जुनी गाडी घरी रंगवताय? स्प्रे गनबद्दल सारखे येणारे प्रश्न

मी पेंटर नाही. वडिलांची १९८६ ची पद्मिनी सोसायटीच्या मागच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून परत रस्त्यावर आणली, रंग स्वतः मारला आणि त्यात बॉनेट तीनदा घासून परत मारलं, एवढंच माझं क्वालिफिकेशन. तेव्हापासून जे मेसेज येतात त्यातले निम्मे "गन कुठली घेऊ" असेच असतात आणि मी तेच तेच टाइप करून कंटाळलोय, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की नंबर दिलाय, तेवढं खाली-वर करा.

१. दादा, डिटेल नको, पहिल्यांदाच करतोय, कुठली गन घेऊ तेवढं सांगा.

वरती कप असलेली, १.४ मिमी नोझलची, हवा कमी खाणारी आणि जिची सुई, नोझल, कॅप (तोंडावरची हवेची टोपी) सुटी विकत मिळते अशी. बास. पण दुकानात जायच्या आधी कंप्रेसरची पाटी वाचा, कारण गन कंप्रेसर बघून घ्यायची असते आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो. मीही केलं. पहिली गन मी हौसेने भारीतली घेतली आणि मित्राच्या १ एचपीच्या कंप्रेसरला लावली, अर्ध्या मिनिटात हवा संपली आणि दारावर रंग बसायच्या ऐवजी पुरळ उठल्यासारखं झालं. गन बिचारी ठीक होती. पुढचा प्रश्न वाचाच.

२. माझ्याकडे १ एचपीचा कंप्रेसर आहे, चालेल का? नाहीतर किती मोठा लागतो?

एचपी विसरा, सीएफएम बघा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते. गनच्या खोक्यावर ती किती हवा खाते ते लिहिलेलं असतं, कधी सीएफएममध्ये तर कधी लिटरमध्ये (१ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर). पूर्ण साइझची एचव्हीएलपी (भरपूर हवा, कमी दाब, ४ बघा) गन १० ते १५ सीएफएम खाते, एलव्हीएलपी (हवाही कमी, दाबही कमी) नावाने ज्या येतात त्या साधारण ४ ते ६, आणि मिनी गन ३ ते ५.

आता गंमत अशी की कंप्रेसरच्या पाटीवर जो आकडा असतो तो बहुतेक वेळा पिस्टन किती हवा ढकलतो त्याचा असतो, पाईपच्या तोंडाशी मिळते ती त्याच्या ६०-७० टक्के. २ एचपीच्या बेल्टवाल्या कंप्रेसरवर ८ लिहिलं असेल तर हातात ५ किंवा साडेपाच आले असं धरा. बाकीचं टाकी भागवते, पण थोडा वेळच.

हिशोब करून बघा. टाकी १०० लिटरची, ८ बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली, आणि ४ बारच्या खाली गेली की गनला नीट हवा मिळत नाही असं धरू. मधल्या ४ बारमध्ये आपल्याला ४०० लिटर मोकळी हवा मिळते, म्हणजे १४ सीएफएमच्या एका मिनिटाएवढी. गन खातेय १०, कंप्रेसर देतोय साडेपाच, खड्डा पडतोय साडेचारचा, म्हणजे ट्रिगर सलग दाबून ठेवला तर तीन मिनिटं. तीन मिनिटात एक दार आरामात होतं, बॉनेटही होतं, टप होताना घाम फुटतो, आणि अख्खी गाडी एका दमात होत नाही म्हणजे नाहीच. तीच टाकी ५० लिटरची असेल तर वेळ निम्मा.

म्हणून माझं मत असं: २ एचपी आणि १०० लिटरच्या वर टाकी असेल तर कमी हवा खाणारी गन घेऊन एकेक पॅनल करत जा, मस्त काम होतं. ३ एचपी असेल तर बऱ्यापैकी कुठलीही गन चालेल. १ एचपीवर मिनी गन आणि छोटे पार्ट, बंपर, आरसे, चाकं. त्यावर मोठी गन लावायची असेल तर पैसे मला पाठवा, मी काहीतरी चांगलं करेन त्याचं.

अजून एक, कंप्रेसर लांब असेल तर वायर वाढवू नका, हवेचा पाईप वाढवा. बारीक एक्स्टेंशन बोर्डवर २ एचपीची मोटर सुरू होताना जो करंट ओढते त्यात व्होल्टेज पडतं, मोटर घुरघुरते आणि एक दिवस जळते. पाईपचं पुढे १० मध्ये.

३. कप वर असलेली चांगली की डबा खाली असलेली? आमच्या गॅरेजवाल्याकडे तर सगळ्या खाली डबेवाल्याच आहेत.

खाली डबा म्हणजे सक्शन, तिथे हवेच्या झोताने रंग वर ओढला जातो, म्हणून तिला प्रेशर जास्त लागतं आणि डब्याच्या तळाशी थोडा रंग कायम उरतो. वर कप म्हणजे ग्रॅव्हिटी, रंग आपोआप खाली येतो, कमी प्रेशरवर काम होतं आणि शेवटच्या थेंबापर्यंत वापरला जातो. लिटरमागे पैसे मोजून टूके क्लिअर (रंग कडक करणारा हार्डनर मिसळून वरून मारायचा पारदर्शक थर) आणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शेवटचा थेंब फार महत्त्वाचा. सक्शनचा डबा लिटरभराचा असतो म्हणून मोठं काम सलग करणाऱ्या पेंटरला ती बरी पडते, त्याच्या हाताला ती बसलेली असते आणि तो तिच्यावर आपल्यापेक्षा दहापट चांगलं काम करतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालू नका. तुम्ही मात्र वर कपवाली घ्या.

टप मारताना गन आडवी होते तेव्हा ग्रॅव्हिटीच्या झाकणावरच्या बारीक भोकातून रंग टपकतो, हे कोणी सांगत नाही. कपाच्या गळ्याला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळा. मी गुंडाळली नव्हती, आणि टपाच्या बरोबर मधोमध पडलेला थेंब अजून उजेडात दिसतो.

४. एचव्हीएलपी म्हणजे नक्की काय? पेंटर म्हणतो फालतू असते.

हवा भरपूर, दाब कमी. नियमाने कॅपच्या तोंडाशी दाब १० पीएसआयच्या वर जायला नको. हे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात प्रदूषणाच्या नियमांमुळे पुढे आलं, तिथे अट अशी की निघालेल्या रंगातला निदान ६५ टक्के तरी पत्र्यावर बसला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये निम्म्याहून जास्त रंग हवेत उडतो, शेडमधल्या सायकलीवर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर आणि तुमच्या छातीत जातो.

पेंटर फालतू म्हणतो त्यालाही कारण आहे. त्याला २५ सेमीवरून भरभर हात मारायची सवय असते आणि एचव्हीएलपीला १५ ते २० सेमीवरून, थोडं सावकाश मारावं लागतं. लांबून मारली की रंग कोरडा पडतो, खरखरीत दिसतो, मग गनला शिव्या. आणि त्याचा कंप्रेसर तिला पुरत नसेल तर तो म्हणतो ते शंभर टक्के खरंच आहे, २ बघा.

जुनी गन आणि एचव्हीएलपी यांच्या मधली एक जात आहे, कोणी आरपी म्हणतं, कोणी एलव्हीएमपी, कोणी ट्रान्स-टेक. दाब थोडा जास्त, हवा कमी, रंग वाचवण्यात एचव्हीएलपीच्या जवळपास. घरगुती कंप्रेसरवर ही किंवा एलव्हीएलपी सगळ्यात सोयीची. नावांच्या मागे लागू नका, हवा किती खाते तो आकडा वाचा.

५. नोझल कितीचं घेऊ? १.३, १.४, १.७, २.० काय काय येतं.

जेवढा रंग घट्ट तेवढं भोक मोठं, एवढं डोक्यात ठेवा. बेस कोटला, म्हणजे क्लिअरच्या खालच्या रंगाला, १.२ ते १.४. क्लिअरला, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात, त्याला १.३ किंवा १.४. इपॉक्सी प्रायमरला १.४ ते १.६. टूके सरफेसरला (घासून सपाट करायचा जाड प्रायमर) १.६ ते १.८. फवारायची लांबी (पुटी) येते, पॉलिएस्टरवाली, तिला २.० ते २.५ लागतं आणि ती १.४ मधून काढायचा प्रयत्न करू नका, दोन मिनिटात गन बसते आणि त्यात हार्डनर असल्यामुळे कायमची बसते.

रंगाच्या डब्याबरोबर किंवा कंपनीकडे माहितीचा एक कागद मिळतो, त्यात नोझल, प्रेशर, थिनर किती टक्के, फोर्ड कपमधून (रंग किती पातळ ते मोजायचा, तळाला भोक असलेला कप) किती सेकंदात खाली आला पाहिजे, सगळं दिलेलं असतं. तो कागद माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा मोठा.

६. एकाच गनमध्ये सगळं भागेल का? नोझल सेट बदलून?

भागतं. पण बदलू नका. दोन घ्या.

म्हणजे असं, एक स्वस्तातली १.७ वाली प्रायमरला आणि एक जरा बरी १.३ किंवा १.४ वाली रंगाला आणि क्लिअरला. प्रायमर कितीही धुतला तरी कुठेतरी सुईच्या मागे राहतो आणि बरोबर क्लिअरच्या शेवटच्या हाताला करड्या ठिपक्याच्या रूपाने बाहेर येतो. शिवाय सेट बदलायचा म्हणजे सुई, नोझल, कॅप तिन्ही एकत्र बदलायचं, नुसतं नोझल बदललं तर सुई नीट बसत नाही आणि गन गळते. एवढ्या खटाटोपात दुसरी स्वस्त गन येते.

७. दीड-दोन हजाराची चायनीज आणि जपानी-जर्मन गन यात एवढा काय फरक आहे? दुकानात काय बघून घेऊ?

फरक आहे, पण हौशी माणसाला वाटतो तेवढा तो पहिल्या गाडीत दिसत नाही. महाग गनचा फवारा दोन्ही टोकांना सारखा असतो, थेंब बारीक फुटतो, आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. जर्मन साटाची किंमत पाच आकडी, रोज चार गाड्या मारणाऱ्याला ती परवडते, आपल्याला नाही. जपानी अनेस्ट इवाटा मधली पडते आणि तिचे स्पेअर मिळणं त्यातल्या त्यात सोपं. इवाटाच्या डब्ल्यू-७१ ची नक्कल इतक्या जणांनी केलीय की ती नक्कलच लोकांना ओरिजिनल वाटते. आपल्या गॅरेजात पायलटच्या गन दिसतात, मजबूत असतात. आणि एच-८२७ छापाच्या चायनीज, त्याच्यावर एचव्हीएलपी कोरलेलं असतं, ते कितपत खरं ते देव जाणे, पण एखादी चांगली निघते एखादी टाकाऊ, लॉटरी आहे. म्हणून हातात घेऊन बघून घ्या, ऑनलाइन नको.

बघायचं काय: कॅप काढा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा, दोन्ही शिंगांवरची भोकं समोरासमोर आणि गोल आहेत का, कडेला पत्र्याचा बुरा नाही ना. नोझलच्या बरोबर मधोमध सुईचं टोक दिसतंय का, एका बाजूला सरकलेलं असेल तर फवारा कायम वाकडा. सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलची हवी, पितळेची नको, उद्या पाण्यातला रंग मारायची वेळ आली तर गंजायला नको. ट्रिगर दाबला की आधी हवा आणि मग रंग, असे दोन टप्पे बोटाला जाणवले पाहिजेत. शेवटी दुकानदाराला विचारा, याची नोझल किट सुटी मिळेल का? "नवीनच घ्या ना साहेब" असं उत्तर आलं तर तुमचं उत्तर मिळालं. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी, कोल्हापुरात उद्यमनगर, या भागात एक चक्कर मारलीत तर चार गन हाताळून बघायला मिळतात.

८. कंप्रेसर नकोच, ती डायरेक्ट प्लगमध्ये लावायची इलेक्ट्रिक गन येते ती चालेल का?

ती भिंतीला, ग्रिलला, फर्निचरला आहे. गाडीला प्रायमर मारता येईल, खालच्या बाजूला, डिकीच्या आत काळा रंग मारता येईल. बाहेरच्या अंगाला, विशेषतः क्लिअरला, नको. थेंब मोठा पडतो आणि संत्र्याच्या सालीसारखं होतं, मग २००० नंबरच्या पेपरने घासत बसा. टर्बाइनवाली मोठी मशिनं वेगळी, ती चांगली असतात पण त्या पैशात कंप्रेसर आणि दोन गन येतात.

९. प्रेशर किती ठेवू?

गनच्या दांड्यापाशी, ट्रिगर दाबलेला असताना, एचव्हीएलपीला साधारण २ बार म्हणजे २९ पीएसआय, सक्शनला ४० ते ५० पीएसआय. ही "ट्रिगर दाबलेला असताना" वाली अट महत्त्वाची, कारण नुसतं उभं असताना काटा जो दाखवतो तो हवा वाहायला लागली की पडतो. म्हणून एक छोटा गेज-रेग्युलेटर गनच्या मुठीखालीच लावा. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर भरवसा नको, का ते पुढच्या उत्तरात.

१०. पाईप कुठला घेऊ? आणि फिल्टर लागतोच का? पावसाळ्यात रंगात पाण्याचे फोड येतात.

हे दोन प्रश्न वेगळे येतात पण आजार एकच, म्हणून एकत्र.

पाईप: तो रंगीत गुंडाळीवाला बारीक पाईप टायरात हवा भरायला आहे. बारीक पाईपमध्ये, विशेषतः लांब असेल तर, गनपर्यंत जाईस्तोवर १०-१५ पीएसआय सहज गळून जातात आणि माणूस म्हणतो गनमध्ये दम नाही. आतून १० मिमी असलेला रबरी पाईप घ्या आणि जोडायच्या क्लिपा-कपलिंगही मोठ्या भोकाच्या घ्या, नाहीतर महामार्गावर मधेच बोळ लागल्यासारखं.

पाणी: ३० डिग्री आणि ८० टक्के दमटपणा असेल, म्हणजे आपल्याकडचा साधा पावसाळी दिवस, तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. ५.५ सीएफएमचा कंप्रेसर तासाला साधारण सव्वानऊ घनमीटर हवा गिळतो, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी. हवा दाबून थंड झाली की त्यातलं बहुतेक सगळं सुटतं. एक ग्लास पाणी, तासाला, तुमच्या क्लिअरच्या वाटेवर. कोकणातले लोक मला मे महिन्यातही हाच प्रश्न विचारतात, त्यात नवल नाही.

फिल्टर लावूनही पाणी येतं अशी तक्रार असते कारण तो कंप्रेसरला चिकटवून लावलेला असतो. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून आरामात निघून जातं आणि पुढे पाईपमध्ये गार झाल्यावर थेंब होतात. फिल्टर लांब लावा, मधे सात-आठ मीटर पाईप जाऊ द्या, जमलं तर तो पाईप पाण्याच्या बादलीतून गुंडाळून काढा, मग फिल्टर, मग गन. टाकीचा खालचा कॉक रोज उघडा. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी अर्धा लिटर तरी निघालं होतं आणि त्याच हवेवर मी दोन दारं मारली होती.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या अंगाला हात लावू नका. त्या दिवसांत पत्राकाम करा, लांबी भरा, घासा. रंग दिवाळीनंतर.

११. एनसी मारू की पीयू? गन वेगळी लागते का?

गन तीच चालते, १.३ किंवा १.४. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आपले लोक ज्याला ड्युको म्हणतात ते (हे नाव अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या रंगाचं, आपल्याकडे अजून चिकटून आहे). त्यात थिनर भरपूर, हात पाच-सहा मारावे लागतात, पटकन वाळतं, चुकलं तर घासून परत मारता येतं, म्हणून शिकायला बरं. पण दमट हवेत त्याच्यावर पांढुरका धूर बसतो, थिनर झपकन उडताना पत्रा गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं म्हणून. हळू उडणारं थिनर, रिटार्डर, घातलं तर कमी होतं.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनरवालं टूके, दोन-तीन हातात काम, चमक टिकते, पेट्रोल सांडलं तर डाग पडत नाही. पण गनमध्ये राहिलं तर दगड होतं (१५ बघा) आणि फुफ्फुसाला वाईट (१३ बघा, खरंच बघा). पद्मिनीचे जुने रंग बहुतेक सॉलिड, म्हणजे मेटॅलिक नसलेले, त्यामुळे मी डायरेक्ट ग्लॉस पीयू मारलं, वर क्लिअर नाही. जुन्या गाडीला तीच चमक शोभते असं माझं मत, आता दिसतात त्या काचेसारख्या क्लिअर मारलेल्या पद्मिनी मला प्लास्टिकच्या वाटतात.

१२. मेटॅलिक मारताना पट्टे पडतात. गन बदलू का?

नको. हात बदला. मेटॅलिकमध्ये चकचकीत कण असतात, रंग ओला जास्त पडला की ते बुडतात, कोरडा पडला की वर राहतात, आणि ओल्या-कोरड्याचे पट्टे दिसतात. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्म्याने चढते तशी इथे पाऊण चढवा, अंतर सारखं ठेवा, मनगट वळवू नका, अख्खा हात सरकवा. शेवटी एक हलका हात थोडं लांबून, कमी प्रेशरवर, नुसता धूर मारल्यासारखा. तरीही पट्टे येत असतील तर फवारा तपासा, १४ बघा.

१३. मास्क कुठला? कोविडचे एन९५ पडलेत घरात ते चालतील ना?

नाही. एन९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज आणि त्यावर धुळीचा फिल्टर असलेला रबरी हाफ मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा, ही कमीत कमी गोष्ट. दाढी असेल तर तो बसत नाही, तेवढ्यापुरती काढा.

टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. त्याचा वास नाकाला वेळेवर कळत नाही, त्यामुळे "वास येत नाहीये म्हणजे मास्क काम करतोय" हे इथे चालत नाही. म्हणून व्यावसायिक बूथमध्ये बाहेरची ताजी हवा पाईपने पुरवणारे मास्क वापरतात. घरी ते नसेल तर बंद खोलीत टूके मारू नका, दोन्ही बाजूंनी उघडी शेड, अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा, कार्ट्रिज नवीन. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

आणि कंप्रेसर रंगाच्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते आणि थिनरची वाफ पेट घेते.

१४. नवीन गन आहे तरी फवारा वाकडा येतो / थुंकते / संत्र्याची साल येते. गन खराब आहे की मी?

बहुतेक वेळा आपणच, पण तपासून बघता येतं. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, गन ठरलेल्या अंतरावर धरा आणि क्षणभर ट्रिगर दाबा. उभा, लांबट, दोन्ही टोकांना सारखा ठसा आला पाहिजे.

एक टोक जाड आलं किंवा चंद्रकोर झाली तर कॅप अर्धा फेरा फिरवा आणि परत मारा. जाड बाजू फिरली तर दोष कॅपमध्ये, बहुतेक एका शिंगाचं भोक बुजलंय. नाही फिरली तर नोझल किंवा सुई. मधे जाड आणि टोकांना काहीच नाही, तर प्रेशर कमी किंवा रंग घट्ट. इंग्रजी आठसारखा मधे बारीक, तर हवा जास्त किंवा रंग कमी.

थुंकते, शिंतोडे मारते: नोझल पान्याने घट्ट करा, कपाच्या झाकणाचं भोक उघडं आहे का बघा, सुईमागचं पॅकिंग सुकलं असेल तर तेलाचा थेंब द्या. तेल म्हणजे गनचं तेल, सिलिकॉनवालं अजिबात नाही, नाहीतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतील आणि ते शोधताना वेड लागेल.

संत्र्याची साल: रंग घट्ट, प्रेशर कमी, हात लांब, किंवा उन्हात तापलेला पत्रा. ओघळ आले तर बरोबर उलटं, जवळून, सावकाश, रंग पातळ. माझ्या बॉनेटवर पहिल्यांदा साल आली, तिला घाबरून दुसऱ्यांदा ओघळ आले. तिसऱ्यांदा मी आधी जुन्या फ्रिजच्या दारावर अर्धा तास हात मारत बसलो आणि मग बॉनेटला गेलो. भंगारवाल्याकडून एक दार आणा, त्याच्यासारखा गुरू नाही.

१५. धुवायची कशी? रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवली तर?

बुडवू नका. आतल्या सीलचा जीव जातो आणि हवेच्या रस्त्यात रंगाचा गाळ जाऊन बसतो. काम संपल्या संपल्या, चहाच्या आधी, उरलेला रंग काढा, थोडं थिनर घाला, हलवा, फवारा, फेका, परत घाला, स्वच्छ निघेपर्यंत. मग सुई मागून ओढून काढा, नोझल काढा, नायलॉनच्या ब्रशने घासा. कॅपच्या भोकात तार, टाचणी, सेफ्टी पिन घालायची नाही, भोक एका केसाने मोठं झालं तरी फवारा कायमचा बिघडतो, लाकडी टूथपिक चालते. धुवायला स्वस्तातलं एनसी थिनर पुरतं, पण तेच पीयू पातळ करायला वापरू नका.

१६. मिनी गन घ्यावी का?

दाराच्या कडा, बिजागरीच्या मागे, बॉनेटच्या आतल्या बाजूला, एवढीशी खरचट झाकायला फार छान. ०.८ ते १.० नोझल, सव्वाशे-अडीचशे मिलीचा कप. तिसरी गन म्हणून घ्या, पहिली म्हणून नको. अपवाद फक्त १ एचपीवाल्यांचा.

१७. गाडीच्या खाली काळं कोटिंग मारायचंय, हीच गन?

नाही, त्याची वेगळी गन येते, बाटली डायरेक्ट तिच्यात स्क्रू होते, आणि ती अगदी स्वस्त असते. डांबरासारखं ते कोटिंग रंगाच्या गनमध्ये घातलंत तर ती गन मग त्याच कामाची.

१८. रंग बदलला तर आरटीओचं काय? गनचा प्रश्न नाही पण सांगा.

आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, वेगळा रंग मारायचा तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. तोच रंग परत मारला तर काही नाही. पन्नास वर्षांच्या वरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ रूपात ठेवलेली पाहिजे, तेव्हा पोपटी करायच्या आधी विचार करा.

१९. एक पेंटर काम सोडतोय, त्याची जुनी भारी गन निम्म्या किमतीत देतोय. घेऊ का?

मॉडेल कुठलं आणि त्याची नोझल किट आज मिळते का ते आधी विचारा, कारण जुन्या गनमध्ये सुई आणि नोझल झिजलेली असतात आणि भारी गनची किट कधी कधी अख्ख्या चायनीज गनपेक्षा महाग पडते. ती किंमत मिळवून मग "निम्मी" आहे का बघा.

बघायला जाताना थिनरची बाटली आणि वर्तमानपत्र घेऊन जा. कपात थिनर भरून, हवा न लावता पाच मिनिटं टांगून ठेवा, तोंडाशी थेंब आला तर सुई-नोझल गेली. मग हवा लावा, ट्रिगर न दाबता समोरून हवा सुसतेय का ऐका, सुसत असेल तर आतला व्हॉल्व्ह, तो स्वस्तात होतो. मग १४ मधली ठसा-परीक्षा, थिनरमध्ये चमचाभर रंग घालून. तीन्हीत पास झाली तर तिथल्या तिथे पैसे द्या. आणि तो म्हणाला की आत्ता कंप्रेसर बंद आहे, घरी जाऊन बघा, तर चहा पिऊन निघा.